थडीची माती आणि आपले पहिले शेतकरी

नदीवरून गावाकडे यायला निघालात, की आधी दरड चढावी लागते. दरड संपली की एकदम सपाट रान लागते. जिन्याची एखादी रुंद पायरीच म्हणा ना! ही पायरी नदीनेच घडवली. हजारो वर्षांपूर्वी तिचे पात्र आजच्याहून उंच होते. पुराचा गाळ ती काठावर थरावर थर पसरीत गेली. पुढे तोच गाळ चिरून ती खोल गेली आणि जुना काठ वर राहिला. ही आपली थडी. गंगथडी, भीमथडी ही नावे तुमच्या कानांवरची आहेतच.

थडीवर पुष्कळ ठिकाणी पोयट्याची जमीन आढळते. पोयटा म्हणजे वाळू, बारीक गाळ आणि चिकणमाती यांचे बेताचे मिश्रण. वाळूमुळे पाणी मुरते, चिकणमातीमुळे ओल टिकते. रान सपाट, म्हणून माती सहसा वाहून जात नाही. पावसानंतर वाफसाही लवकर येतो. भारी काळीचे तसे नाही. ती ओली असली की पायाला चिकटते, आणि वाळली की भेगाळून दगडासारखी होते.

हा फरक तुम्हांला ठाऊकच आहे. पण महाराष्ट्रातल्या पहिल्या शेतकऱ्यांनाही तो ठाऊक होता, हे मला सांगायचे आहे.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तेथे डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६८ ते १९८२ या काळात उत्खनन केले. सुमारे इ. स. पूर्व १६०० ते ७०० पर्यंत नांदलेले खेडे मातीखालून वर आले. त्या लोकांपाशी गारेची पाती होती, थोडे तांबे होते. लोखंडी फाळ नव्हता. काळी फोडणे त्यांच्या आवाक्यातले नव्हते. नदीकाठची मऊ माती मात्र त्यांना वश झाली. तिच्यात त्यांनी जव पिकवले, मसूर आणि कुळीथ घेतले. पाण्यासाठी पाट खोदून त्याला बांधही घातला. प्रवरेकाठी जोर्वे, नेवासे, दायमाबाद येथेही अशाच वस्त्या सापडल्या.

पुढे इ. स. पूर्व १००० च्या सुमारास दिवस पालटले. मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस कमी झाला असावा, असे डॉ. ढवळीकरांचे मत आहे. अखेर गाव ओस पडले. माती चांगली असली, तरी तिला पाण्याची जोड लागतेच!

ओस पडलेल्या अशा गावाची जी टेकाडे राहतात, त्यांना आपण पांढरी म्हणतो. पडलेल्या भिंती, राख आणि शेण यांनी ती माती सकस होते, म्हणून शेतकरी ती गाड्या भरून शेतात नेतात. थडीचा पोयटा विटांसाठी खणला जातो. गरज असते, हे मी जाणतो. पण नदीला जे साठवायला हजारो वर्षे लागली, ते एका उन्हाळ्यात नाहीसे होते, आणि त्याबरोबर आपल्या पूर्वजांची वहीही फाटते.

तेव्हा गुरुजी, मुलांना एकदा थडीवर घेऊन जा. दरडीतले थर दाखवा. तांबड्या खापरावर काळी नक्षी दिसली, तर जागा नीट टिपून ठेवा आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. आणि शेतकरीदादा, पांढरीत कुदळ घालण्यापूर्वी क्षणभर थांबा. तुमच्याही आधी तेथे कुणीतरी वाफशाची वाट पाहत उभे होते.