आडनाव नसलेला इतिहास

दारू सोडवण्याचा आपल्याकडचा इतिहास म्हटलं की आधी आठवते ती दारूबंदी. मुंबई राज्याने १९४९ साली कायदा केला. परमिटं आली, त्यांच्यामागून हातभट्ट्याही आल्या. ठाणे, कल्याण, डोंबिवली सगळं त्याच राज्यात. गुत्ते बंद झाले, पण तलफ कशी बंद होणार?

दुसरी वाट १९३५ साली अमेरिकेत, अ‍ॅक्रन गावात सापडली. शेअरबाजारातला बिल आणि डॉक्टर बॉब, दारूने पोळलेले दोघे एकमेकांशी बोलत बसले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ उभी राहिली. भारतात ती आली १९५७ साली, म्हणजे इथे दारूबंदी चालू असतानाच! पुढे १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ आणि १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची ‘आय.पी.एच.’ सुरू झाली.

माझा एक डोंबिवलीकर मित्र पहिल्या मीटिंगला मुद्दाम ठाण्याला गेला. गावात कुणी ओळखीचं भेटलं तर काय घ्या! तिथे त्याच्याच गल्लीतले एक काका भेटले. ते फक्त हसले आणि शेजारची खुर्ची पुढे केली. फी नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा. आज प्यायची नाही, उद्याचं उद्या.

तिथे आडनाव कुणी विचारत नाही. त्यामुळे आपल्या गावांतल्या या मीटिंगांचा इतिहास नावानिशी कधीच लिहिता येणार नाही. मला इतिहासाचा नाद, म्हणून चुटपुट लागते. पण नाव बाहेर जाणार नाही, या भरवशावरच माणूस पहिल्यांदा तो उंबरठा ओलांडतो. असो. काही इतिहास न लिहिलेलेच बरे.