न दिसणाऱ्या वेदनेचा पुरावा : अमेरिकन माजी सैनिकांच्या अपिलांचा इतिहास (थ्रेड)

१/ युद्धात तुटलेला हात दिसतो. कमरेतून पोटरीपर्यंत उतरणारी कळ दिसत नाही. अमेरिकेत माजी सैनिकांच्या अपंगत्व भत्त्याचा विस्तार यादवी युद्धाने केला. ज्या दुखण्यावर डॉक्टरला बोट ठेवता येत नाही, त्याबाबत सैनिकाच्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न तेव्हापासून या व्यवस्थेची पाठ सोडत नाही.

२/ जुलै १८६२ च्या कायद्याने संघराज्याच्या सैनिकांना निवृत्तिवेतनाचा हक्क दिला. कसोटी होती शारीरिक श्रमाची अक्षमता. पूर्ण अक्षम ठरलेल्या साध्या शिपायाला दरमहा ८ डॉलर मिळत. १८६४ मध्ये दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गमावणाऱ्यांसाठी दरमहा २५ डॉलर ठरले. गमावलेल्या अवयवाचा दर असा ठरवता आला, पण वेदनेचा कसा ठरवणार?

३/ त्याच काळात फिलाडेल्फियातील टर्नर्स लेन रुग्णालयात सायलस वेअर मिचेल, जॉर्ज मोरहाउस आणि विल्यम कीन हे डॉक्टर मज्जातंतूंच्या जखमा अभ्यासत होते. काही सैनिकांची जखम भरली होती, तरी हातापायांची आग थांबत नव्हती. ते अवयव सतत ओल्या फडक्यात ठेवत. वर्तमानपत्राची सळसळ किंवा शेजारून जाणाऱ्याचे पाऊलही त्यांना असह्य होई. मिचेल यांनी या दुखण्याला पुढे ‘कॉझाल्जिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेतील ‘दाह’ आणि ‘वेदना’ या शब्दांचा हा जोड.

४/ याच तिघांनी १८६४ मध्ये दुखण्याचे सोंग कसे ओळखावे, यावरही लेख लिहिला. संशयित सैनिकाला ईथर देऊन गुंगीत त्याचा ‘लुळा’ अवयव हलतो का, हे पाहिले जाई. वेदनेचे पहिले बारकाईचे वर्णन आणि तिच्यावरचा पद्धतशीर संशय, दोन्ही एकाच रुग्णालयात जन्मले.

५/ युद्धानंतर निवृत्तिवेतन कार्यालयात अर्जांचे ढीग लागले. अर्जदार जुन्या सोबत्यांची आणि शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडत; सरकारी डॉक्टर तपासणी करून मत देत. कृष्णवर्णीय सैनिकांचे अर्ज गोऱ्यांच्या तुलनेत अधिक प्रमाणात फेटाळले गेले, हे आधुनिक संशोधनाने दाखवले आहे. ही तफावत विशेषतः पाठदुखीसारख्या, डोळ्यांनी पडताळता न येणाऱ्या तक्रारींत दिसते. जिथे निर्णय तपासणाऱ्याच्या विश्वासावर सोडला जातो, तिथे पूर्वग्रहाला जागा मिळते.

६/ अर्ज फेटाळला गेला तर काही जण थेट काँग्रेसकडे जात आणि आपल्यापुरते खासगी विधेयक मंजूर करवून घेत. राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड यांनी १८८५ ते १८८९ या पहिल्या कार्यकाळात अशी दोनशेहून अधिक विधेयके नकाराधिकार वापरून परत पाठवली. १८९० च्या कायद्याने मात्र श्रमाची अक्षमता युद्धातूनच आलेली असावी, ही अट काढून टाकली.

७/ दरम्यान वैद्यकशास्त्र पुढे सरकत होते. १७६४ मध्ये नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो यांनी सायटिकाचा संबंध नसेशी जोडला होता. १९३४ मध्ये बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी मणक्यांमधील फाटलेली चकती नसेच्या मुळावर दाब आणते, हे दाखवले. आता कळेला कारण मिळाले होते. तरीही कोडे सुटले नाही. १९९४ च्या एका अमेरिकी अभ्यासात पाठ न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या. वेदना किती आहे, हे चित्रावरून मोजता येत नाही.

८/ १९३३ मध्ये महामंदीच्या काटकसरीत नवा कायदा झाला आणि माजी सैनिक प्रशासनाचा निर्णय अंतिम ठरला; त्याविरुद्ध न्यायालयाचे दार बंद झाले. त्याच वर्षी प्रशासनाच्या आतच अपील मंडळ स्थापन झाले. वकिलाच्या शुल्कावर १८६४ पासून १० डॉलरची मर्यादा होती, ती तशीच राहिली. एवढ्या पैशांत कोणता वकील उभा राहणार?

९/ १९४५ मध्ये अपंगत्व मोजण्याचे नवे कोष्टक लागू झाले. दुरुस्त्यांसह ते आजही वापरात आहे. सायटिक नसेचा संकेतांक ८५२०. सौम्य १० टक्के, मध्यम २०, मध्यम-तीव्र ४०, स्नायू स्पष्टपणे झिजलेले असतील तर ६०, पाऊल लोंबू लागले तर ८०. मात्र त्रास केवळ संवेदनेचा असेल, तर सौम्य किंवा फार तर मध्यम एवढाच दर्जा द्यावा, असा नियम आहे. म्हणजे स्नायू झिजेपर्यंत किंवा पाय लुळा पडेपर्यंत निव्वळ वेदनेची धाव बहुधा २० टक्क्यांपर्यंतच.

१०/ न्यायालयाचे दार उघडायला ५५ वर्षे लागली. नोव्हेंबर १९८८ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्याने माजी सैनिकांच्या अपिलांसाठी स्वतंत्र न्यायालय निर्माण झाले आणि १० डॉलरची जुनी मर्यादाही सैल झाली.

११/ पुढचे दोन निकाल फेडरल सर्किट या वरिष्ठ न्यायालयाचे. २००६ : सेवेच्या काळातील वैद्यकीय नोंद सापडत नाही, एवढ्यावरून सैनिकाची किंवा त्याच्या ओळखीच्यांची साक्ष अविश्वसनीय ठरत नाही. २०१८ : गुडघेदुखीच्या एका प्रकरणात न्यायालयाने म्हटले, की निश्चित निदान नसले तरी कार्यक्षमता घटवणारी वेदना स्वतःच अपंगत्व ठरू शकते. १९९९ पासून अपील न्यायालयाची भूमिका याच्या नेमकी उलट होती.

१२/ तरी वाद संपलेला नाही. सेवेशी संबंध सिद्ध करावाच लागतो. २०१९ पासून अपिलाचे तीन मार्ग खुले आहेत : नवा पुरावा देणे, वरिष्ठांकडून फेरतपासणी मागणे किंवा अपील मंडळाकडे जाणे. परंतु ‘मध्यम’ आणि ‘तीव्र’ या शब्दांची व्याख्या कोष्टकात नाही. त्यामुळे अपिलात आता बहुतेकदा वेदना खरी की खोटी, यापेक्षा तिला कोणते विशेषण लावायचे, यावर खल होतो. एका विशेषणावर माजी सैनिकाचा दरमहाचा भत्ता ठरतो, आणि ते विशेषण निवडणारा माणूस ती कळ कधी भोगलेला नसतो.