सूर्य उगवेपर्यंत कपाशी हिरवीच दिसते

विदर्भात पाऊस उघडीप देत नाही, निंदणाला मजूर मिळत नाही, आणि मग कपाशीच्या ओळींमधल्या तणावर पॅराक्वाट हे तणनाशक मारलं जातं. नोझलला हूड नसलं आणि वारा सुटला की तुषार कपाशीवर जातात. पुढचं ढोबळमानाने असं घडतं.

संध्याकाळी ६ : पानांवर बारीक थेंब. साधारण अर्ध्या तासात औषध पानात शिरतं. नंतर पाऊस आला तरी ते धुऊन जात नाही.

रात्री ९ : वरकरणी काहीच नाही. अंधारात पॅराक्वाटला हिरावून घ्यायला इलेक्ट्रॉनच मिळत नाहीत. ते पानात पसरत राहतं.

पहाटे ५ : फ्लुओरोमीटरची क्लिप पानाला लावायची. यंत्र क्षणभर लख्ख प्रकाश टाकतं आणि क्लोरोफिलमधून परत येणारी मंद लाल चमक मोजतं. त्यावरून पानाच्या प्रकाश वापरण्याच्या क्षमतेचा आकडा मिळतो. निरोगी पानाचा आकडा ०.८३ च्या आसपास असतो. या पानाचाही जवळपास तेवढाच येतो, म्हणून फक्त पहाटेच्या मोजणीवर विसंबू नये.

सकाळी ६ : ऊन पडतं आणि खरा घात सुरू होतो. साखर तयार करण्याकडे निघालेले इलेक्ट्रॉन पॅराक्वाट फोटोसिस्टिम-१ पाशीच पळवतं, ऑक्सिजनला देतं आणि पुढचे पळवायला पुन्हा मोकळं होतं. त्याचा रेणू खर्ची पडतच नाही. बिथरलेला ऑक्सिजन पेशींची पटलं जाळत सुटतो. ऊन जितकं कडक, तितकी ही होरपळ जलद.

सकाळी ८ : आकडा घसरू लागतो. पान मात्र अजून हिरवंगार. नुकसान डोळ्यांआधी यंत्राला कळतं ते याच वेळी.

सकाळी ११ : फुटलेल्या पेशींतलं पाणी झिरपून भिजल्यासारखे डाग दिसतात. पान मलूल होतं.

दुपारी ३ : डाग वाळून तपकिरी होतात. बांधावरून कुणीतरी म्हणतं, "करपा आला." लगेच बुरशीनाशकाचा खर्च, आणि तो पूर्ण वाया.

पॅराक्वाट झाडात फारसं फिरत नाही. शेंडा वाचला असेल तर नवी पानं स्वच्छ येतात, म्हणून घाईने कपाशी मोडू नका. असा मीटर तालुक्याला एक तरी हवाच. तोवर हूड लावा, वाऱ्यात फवारू नका, आणि मास्क-हातमोजे विसरू नका: हे विष माणसाच्या पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही.