लष्करी मोबदला, मराठेशाहीतील

लष्करी मोबदला (मराठेशाही) : मराठी राज्यात शिपाई, बारगीर, शिलेदार, गडकरी आणि सरदार यांना चाकरीबद्दल मिळणारे वेतन, बक्षीस, मानमरातब, जमीन आणि मृत्यूनंतर कुटुंबाला मिळणारी तरतूद. कालमर्यादा स्थूलमानाने शिवकाळापासून १८१८ पर्यंत. चालू चाकरीचा मोबदला तैनात, रोजमुरा, नालबंदी या नावांनी दिला जाई. पराक्रमाचा गौरव कडे, पोशाख, पालखी व किताब देऊन होई. माणूस पडल्यावर वारसांना मिळे ती परवेशी. यांपैकी सरदारांचे मान इतिहासग्रंथांत भरपूर वर्णिले गेले आहेत. साध्या शिपायाच्या वाट्याला काय आले हे मात्र हिशेबाच्या कागदांतच शोधावे लागते, आणि राज्याची खरी पारख तिथेच होते.

शिवकाळ : मुख्य आधार कृष्णाजी अनंत सभासद याची बखर. ती जिंजी मुक्कामी १६९७ च्या सुमारास लिहिली गेली. सभासदाच्या मते शिवाजी महाराजांनी फौजेला मोकासे (गावांच्या वसुलीचे हक्क) न देता रोख वेतन दिले, त्यासाठी हुजुरातून किंवा महालांवर वराता (पैसे देण्याचे लेखी हुकूम) काढल्या. पागेतील पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी अशी चढती रचना होती. घोडदळातील जुमलेदाराला ५०० होन, हजारीला १,००० व पंचहजारीला २,००० होन तैनात होती. पायदळात जुमलेदाराला १०० व हजारीला ५०० होन. होन स्थूलमानाने साडेतीन ते चार रुपयांचा धरला, तर पायदळ व घोडदळ यांच्या दर्जातले अंतर या आकड्यांवरून सहज कळते. घोडदळाच्या जुमलेदाराला पालखीही मिळे. बारगिराचा घोडा सरकारी असे, शिलेदाराचा स्वतःचा. म्हणून शिलेदाराच्या वेतनात घोड्याचा खर्च व जोखीम दोन्ही धरलेली असत.

लुटीबाबतची शिस्त हा या व्यवस्थेचा कणा होता. दसऱ्यानंतर फौज मुलूखगिरीला निघण्यापूर्वी प्रत्येकाजवळच्या वस्तूंची यादी केली जाई. आठ महिने परमुलखात काढून फौज छावणीला परतली की तीच यादी हातात घेऊन झडती होई. जास्त निघालेला माल दप्तरी भावाने येणे वेतनात वजा धरला जाई, मोठ्या किमतीचा ऐवज सरकारात जमा होई. मग सरदारांचे हिशेब, कोणी मेहनत केली व कोणी बेकैद वर्तणूक केली याची चौकशी, आणि त्यानुसार बक्षीस किंवा शिक्षा. लूट सरकारची आणि शिपायाचे पोट वेतनावर, हे तत्त्व एकदा पक्के झाल्यावरच रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, असा हुकूम पाळला जाण्याची आशा धरता येत होती. चिपळूणजवळ छावणी केलेल्या फौजेला धान्य व वैरण जपून वापरण्याची ताकीद देणारे महाराजांचे पत्र याच व्यवस्थेचे अंग आहे.

अफझलखानवधानंतरच्या (१० नोव्हेंबर १६५९) वाटपाचे सभासदाने केलेले वर्णन हा या विषयातला सर्वांत मोलाचा उतारा म्हणावा लागेल. लढाईत पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत चालवून घेतले. ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन चालू केले. जखमींना जखम पाहून दर असामीस २५, ५०, १०० व २०० होन दिले. मोठ्या लोकांना हत्ती, घोडे, कडी, अलंकार, वस्त्रे मिळाली, काहींना गावही मोकासा दिले. हा शेवटचा तपशील मोकासे दिले नाहीत या त्याच्याच विधानाशी पूर्णपणे जुळत नाही. रोख वेतन हा नियम आणि गाव देणे हा विशेष पराक्रमाचा अपवाद, असे मानल्यास विसंगती बरीच कमी होते. विधवेला निम्मे वेतन ही तरतूद मात्र निःसंदिग्ध असून तिला या नोंदीत किताबांहून वरचे स्थान द्यायला हवे.

सिंहगड घेताना (फेब्रुवारी १६७०) तानाजी मालुसरे पडले. त्यांच्या जागी भाऊ सूर्याजी यांना सुभेदारी मिळाली. बांदलांच्या तुकडीने लढवलेल्या पावनखिंडीनंतर (जुलै १६६०) दरबारातील पहिल्या पानाचा मान जेध्यांकडून बांदलांकडे गेला अशी परंपरा आहे. तिच्या तपशिलाबाबत मतभेद आहेत.

राजारामकाळ : रायगड पडला, खजिना रिता झाला, राजा जिंजीला गेला. द्यायला रोकड उरली नाही, तेव्हा वतन व सरंजाम यांची आश्वासने हेच चलन झाले. १६९१ मध्ये हणमंतराव व कृष्णाजी घोरपडे यांना दिलेले आश्वासन याचे ठळक उदाहरण आहे. एकूण सहा लाख होनांपैकी निम्मी रक्कम महाराष्ट्र, विजापूर, भागानगर व औरंगाबाद हे प्रांत हाती येतील तसतशी टप्प्याटप्प्याने, उरलेली निम्मी दिल्ली जिंकल्यावर. औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून बसला असताना दिल्लीची अट घालणाऱ्या या कागदाइतका त्या पिढीचा निर्धार दुसऱ्या फारच थोड्या कागदांत दिसतो. किताबही याच काळात वाढले : संताजी घोरपडे ममलकतमदार, बहिर्जी घोरपडे हिंदुराव, विठोजी चव्हाण हिंमतबहाद्दर, धनाजी जाधव जयसिंगराव. यांतील काही किताबांचा संबंध बादशहाच्या तंबूचे सोन्याचे कळस कापून आणण्याशी जोडला जातो.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने (१७१५) चाकराला वतन-वृत्ती देऊन राज्याची जमीन तोडण्याविरुद्ध इशारा दिला. चाकरीचा मोबदला वेतन आहे, असा त्याचा आशय. तोवर प्रवाह उलट दिशेने वाहू लागला होता.

पेशवेकाळ व सरंजाम : मोगल बादशहाच्या १७१९ च्या सनदांनी चौथाई व सरदेशमुखीचे हक्क मिळाले. चौथाईतील २५ टक्के राजबाबती म्हणून राजाकडे, ६ टक्के साहोत्रा पंतसचिवांकडे, ३ टक्के नाडगौडी राजाच्या मर्जीने, आणि उरलेले ६६ टक्के ऐन मोकासा म्हणून सरदारांकडे अशी वाटणी ठरली. अर्थात वसुलीचा सर्वांत मोठा वाटा फौज बाळगणाऱ्याच्या हाती गेला. सरंजामाचे दोन भाग असत : सरदाराच्या स्वतःच्या खर्चाचा जातसरंजाम आणि ठरलेल्या स्वारांच्या खर्चाचा फौजसरंजाम. तत्त्वतः हा सरंजाम चाकरीपुरता होता. वारसाने नजराणा भरून तो पुढे चालवून घ्यायचा असे. प्रत्यक्षात दोन-तीन पिढ्यांत तो घराण्याचा झाला. शिंदे, होळकर, गायकवाड, पटवर्धन ही घराणी अशीच उभी राहिली. या पद्धतीने राज्य नर्मदेपार नेले की मध्यवर्ती सत्ता खिळखिळी केली, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. प्रस्तुत नोंदीचा कल दुसऱ्या मताकडे आहे. फौज सरकारची राहायची तर पगार सरकारच्या हातून मिळायला हवा.

शिलेदाराला मोहिमेच्या प्रारंभी नालबंदी ही आगाऊ रक्कम मिळे आणि मोहिमेत रोजमुरा. हजिरी घेताना माणसाचे नाव, बापाचे नाव, गाव आणि घोड्याचा रंग-खुणा उतरवून घेत, म्हणजे दुसऱ्याचे तट्टू दाखवून वेतन उचलता येऊ नये. लढाईत घोडा ठार झाल्यास त्याची किंमत मिळण्याची तजवीज असे. शिलेदाराच्या दृष्टीने ही बाब पोशाखाहून मोठी, कारण घोडा गेला की चाकरीच गेली. पेंढाऱ्यांना वेतन नसे. लुटीवर निर्वाह करून ते उलट सरकारला पालपट्टी भरत. गारद्यांना (भाडोत्री कवायती पायदळाला) व पुढे शिंद्यांच्या, दिबॉयन या युरोपीय सेनानीने उभारलेल्या कवायती पलटणींना दरमहा रोख पगार होता आणि त्या पलटणींच्या खर्चासाठी दुआबातील मुलूख लावून दिला होता. तलब थकली की शिपाई सरदाराच्या दारात धरणे धरत. नारायणराव पेशव्यांच्या खुनात (३० ऑगस्ट १७७३) सामील गारद्यांनी थकलेल्या पगाराचेच निमित्त पुढे केले होते.

मानाच्या देणग्या : सोन्याचे कडे, शिरपेच, मोत्यांचा तुरा, वस्त्रे, ढाल-तलवार, अबदागीर, नौबत, जरीपटका. पालखी दिली की ती वागवण्याच्या खर्चाचीही नेमणूक होई. बाळापूरच्या लढाईतील (१७२०) कामगिरीबद्दल दमाजी गायकवाड यांना समशेरबहाद्दर हा किताब मिळाला.

बालपरवेशी : लढाईत पडलेल्याच्या अज्ञान मुलांच्या पालनपोषणाची नेमणूक. ती रोख किंवा जमिनीच्या रूपाने असे. मुलगा चाकरीजोगा झाला की बापाच्या जागी त्याला घेण्याची रीत होती. पेशव्यांच्या रोजनिशीतील या नोंदी दोन-चार ओळींच्याच असतात : कोण, कोठे ठार झाला, मागे कोण, काय दिले. कडे-तोड्यांची वर्णने करणाऱ्यांनी या ओळींकडे फार कमी लक्ष दिले आहे. शिवकाळातील निम्म्या वेतनाची परंपरा सर्वांत अखंडपणे कोठे टिकली असेल तर ती इथे.

गडकरी : किल्ल्याच्या शिबंदीतील लोकांना घेऱ्यातील (किल्ल्याभोवतालच्या) जमिनी वंशपरंपरेने लावून दिलेल्या असत. कोल्हापूर राज्यात या जमिनींचा कारभार मामलेदारांकडे देण्याचा प्रयत्न होताच १८४४ मध्ये सामानगडाच्या गडकऱ्यांनी उठाव केला. भुदरगडही त्यात सामील झाला.

आरमार : सरखेल हा आंग्र्यांचा किताब. पाहा : आंग्रे घराणे.

१८१८ नंतर : एल्फिन्स्टनने बहुतेक मोठे सरंजाम कायम ठेवले, सामान्य शिलेदारांची चाकरी मात्र संपली. १८५२ च्या कायद्यान्वये इनाम कमिशनने सनदा तपासायला सुरुवात केली. कागद दाखवता न आलेल्या अनेकांची इनामे गेली. उरलेले सरंजाम मुंबई राज्याच्या १९५२ च्या नियमांनी सरकारजमा झाले.