ऑरेंज काउंटी, कॅलिफोर्निया : अध्यक्षीय मतदान

लॉस एंजेलिसच्या आग्नेयेचा उपनगरी जिल्हा. मुख्य ठाणे सँटा ॲना. लोकसंख्या सुमारे ३१.९ लाख (२०२०). रिचर्ड निक्सन यांचे जन्मगाव यॉर्बा लिंडा येथलेच. १९३६ मध्ये फ्रँक्लिन रूझवेल्ट यांना कौल दिल्यानंतर तब्बल ८० वर्षे हा रिपब्लिकनांचा बालेकिल्ला होता. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी तो सर केला. लॅटिनो आता सुमारे एक-तृतीयांश, आशियाई पाचव्या हिश्श्याहून अधिक. पण वस्ती बदलली की कौल बदलतो, हे गणित येथे तोकडे पडते : १९७५ नंतर मायदेश सोडून वेस्टमिन्स्टरच्या ‘लिटल सायगाव’मध्ये स्थिरावलेल्या व्हिएतनामींची पहिली पिढी कट्टर साम्यवादविरोधामुळे रिपब्लिकनांकडेच झुकली. २०२० मध्ये बायडेन जिंकले. २०२४ मध्ये कमला हॅरिस यांची आघाडी तीन टक्क्यांच्या आत आली.