८८ डॉलर ३० सेंट

परवा शनिवारी एक सॉफ्टवेअर इन्स्टॉल करताना नेहमीप्रमाणे काही न वाचताच 'आय ॲग्री'वर क्लिक केलं आणि एकदम हेजची केस आठवली. जुने अमेरिकन खटले वाचायचा माझा नाद तुम्हाला ठाऊक आहेच :)

गोष्ट १९७० च्या दशकातली, केंटकी राज्यातली. पॉल हेजवर आरोप होता ८८ डॉलर ३० सेंटचा बनावट चेक खपवल्याचा. शिक्षा २ ते १० वर्षं. सरकारी वकिलाने सांगितलं, गुन्हा कबूल केलास तर ५ वर्षांची शिफारस करतो. खटला लढवलास तर सराईत गुन्हेगाराचं कलम लावणार. हेजच्या नावावर आधीचे दोन गुन्हे होते, त्यामुळे त्या कलमाखाली शिक्षा एकच, जन्मठेप! हेज नाही म्हणाला. वकिलाने शब्द खरा केला आणि जन्मठेप झाली.

आता खटला चालवून घेणं हा तर घटनेनेच दिलेला हक्क. तो वापरला म्हणून शिक्षा वाढली, तर 'ड्यू प्रोसेस', म्हणजे न्याय्य प्रक्रियेची हमी, गेली कुठे? आरोपीने अपील केलं म्हणून आरोप वाढवणं चालणार नाही, असं सुप्रीम कोर्टानेच १९७४ साली ब्लॅकलेज विरुद्ध पेरी खटल्यात म्हटलं होतं. हेज खालच्या फेडरल अपील कोर्टात जिंकलासुद्धा.

पण १८ जानेवारी १९७८ ला सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो निकाल फिरवला. न्या. स्ट्युअर्ट यांचं म्हणणं थोडक्यात असं: वकिलाने आधीच उघडपणे सांगितलं होतं, कलम लागू होत होतंच, आणि प्रस्ताव नाकारायला हेज मोकळा होता. थोडक्यात, हा सूड नव्हे, सौदा. न्या. पॉवेल यांना हे पटलं नाही. हेजने आपला हक्क वापरू नये एवढ्यासाठीच वकिलाने जन्मठेपेचा धाक घातला, यावर त्यांनी बोट ठेवलं.

गंमत (?) म्हणजे निकाल लागेपर्यंत केंटकीने तो कायदाच बदलला होता. नव्या कायद्यात हेजला फार तर १० ते २० वर्षं झाली असती. सुप्रीम कोर्टाचा निकाल मात्र आजही कायम आहे.

मला खटकतं ते एवढंच, की 'आधी सांगितलं होतं' म्हणजे 'न्याय झाला' असं कसं काय? मी 'आय ॲग्री' न दाबता सरळ विंडो बंद करू शकतो. हेजच्या विंडोला ते बटणच नव्हतं.

असो.