टी-डॉग मरणार हे त्यांना आधीच कसे कळले?

"आता कोण मरणार?" हा 'द वॉकिंग डेड' पाहणाऱ्यांचा आवडता प्रश्न. 31 ऑक्टोबर 2010 रोजी अमेरिकेत एएमसी वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका 20 नोव्हेंबर 2022 ला संपली. 11 पर्वे, 177 भाग. मेलेली माणसे उठून चालू लागतात, जिवंतांना चावतात आणि उरलेली मूठभर माणसे तग धरायची धडपड करतात, एवढेच कथानक. पण पुढचा नंबर कोणाचा यावर जगभर पैजा लागत. आमच्या शिबिरातही रात्री दिवे मालवल्यावर पोरे मोबाईलवर हीच मालिका बघतात आणि हाच प्रश्न विचारतात. त्यांच्यावर ओरडण्यापेक्षा त्या प्रश्नामागचा इतिहास सांगावा, असे आम्हाला वाटले.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय प्रेक्षकांना पैज लावायची गरजच पडत नव्हती. त्यांनी एक नियम हेरला होता: या टोळीत एका वेळी एकच काळा पुरुष मावतो. दुसरा आला की पहिल्याचे दिवस भरले. चेष्टेत सांगितलेला हा नियम पुढे खरा होत गेला. तिसऱ्या पर्वात तुरुंगातला कैदी ऑस्कर टोळीच्या जवळ आला आणि 4 नोव्हेंबर 2012 च्या भागात टी-डॉग मेला, तोही कॅरल या गोऱ्या बाईला वाचवताना. 2 डिसेंबरच्या भागात टायरीस प्रथम दिसला आणि त्याच भागात ऑस्करला गोळी लागली. पाचव्या पर्वात फादर गॅब्रिएल आला आणि पुढच्याच भागात बॉब गेला. फेब्रुवारी 2015 मध्ये टायरीस, मार्चमध्ये नोआ. एका पर्वात तीन.

यावर ठरलेले उत्तर येते. गोरी पात्रेही मेलीच की! लोरी मेली, हर्शल मेला, अँड्रिया मेली. मग प्रत्येक गोष्टीत वंश कशाला शोधता? हा सूर आपल्या ओळखीचा आहे; फक्त आपल्याकडे 'वंश' या शब्दाच्या जागी 'जात' येते. मुद्दा मढी मोजण्याचा नाहीच. मेला तो मरण्याआधी किती जगला, हा मुद्दा आहे. टी-डॉग तीन पर्वे त्या टोळीत होता. त्याचे घर कुठले, आई कोण, त्याला कशाची भीती वाटे, प्रेक्षकाला जवळपास काहीच कळत नाही. उलट डॅरिल हे पात्र मूळ कॉमिकमध्ये नव्हतेच, मालिकेसाठी नव्याने रचले. ते एवढे लाडके झाले की "डॅरिल मेला तर आम्ही दंगल करू" असे लिहिलेले टी-शर्ट चाहते घालू लागले. बेथ मेली तेव्हा तिला परत आणा म्हणून सह्यांची मोहीम निघाली. कोणाच्या मरणावर शोक करायचा याचीही एक उतरंड असते आणि ती पडद्यावर येण्याआधी समाजात तयार झालेली असते.

आणि इथे खरी गंमत आहे, गंमत म्हणावी तर. हा झोंबी मुळात कोणाचा? तो काळ्या गुलामाचाच आहे.

कॅरिबियन समुद्रातला आजचा हैती म्हणजे फ्रेंचांची सेंट-डोमिंग वसाहत. उसाच्या आणि कॉफीच्या मळ्यांवर आफ्रिकेतून धरून आणलेली माणसे राबवली जात. 1791 च्या सुमारास तिथे जवळपास 5 लाख गुलाम होते. माणसे इतक्या झपाट्याने मरत की नवी जहाजे सतत आणावी लागत. या माणसांची एक श्रद्धा होती: मेलो की आत्मा समुद्र ओलांडून गिनेला, म्हणजे आपल्या आफ्रिकेच्या भूमीत, परत जाईल. मरण ही एकमेव सुट्टी. मग गुलामाला सर्वांत मोठी भीती कशाची वाटेल? मेल्यावरही सुट्टी न मिळण्याची. थडग्यातून उठवून, मन काढून घेऊन, कोणीतरी पुन्हा मळ्यावर जुंपेल याची. झोंबी म्हणजे हा. तो कोणाला चावत नाही, कोणाचे मांस खात नाही. तो फक्त राबतो. त्याला पाहून पळायचे नसते. आपण तसे होऊ नये म्हणून थरकापायचे असते.

(आपल्याकडची भुते पाहा. मुंज्या कोण? मुंज झालेला पण सोडमुंजीआधी गेलेला ब्राह्मण मुलगा. पिंपळावर बसायलाही जात लागते. वेठ करता करता मेलेल्याचे भूत मात्र आमच्या ऐकण्यात नाही.)

ऑगस्ट 1791 मध्ये या गुलामांनी बंड केले. तुसाँ लुव्हर्त्यूर आणि पुढे देसालीन यांच्या नेतृत्वाखाली ते लढले, नेपोलियनची फौज त्यांनी हरवली आणि 1 जानेवारी 1804 रोजी हैती स्वतंत्र झाला. गुलामांनी स्वतः लढून राज्य मिळवल्याचे जगाच्या इतिहासातले हे मोठे उदाहरण आपल्या शाळेच्या पुस्तकात दोन ओळींतही भेटत नाही. त्याची शिक्षाही मिळाली. 1825 मध्ये युद्धनौका उभ्या करून फ्रान्सने 15 कोटी फ्रँकची भरपाई मागितली, पुढे ती 9 कोटींवर आणली. भरपाई कसली? तर गुलाम हातचे गेले त्याची! मालकाला गुलामाने नुकसानभरपाई द्यायची.

1915 मध्ये अमेरिकेचे सैन्य हैतीत उतरले ते 1934 पर्यंत राहिले. रस्ते बांधायला त्यांनी जुना वेठीचा कायदा उकरून काढला आणि शेतकऱ्यांना पकडून कामाला लावले. त्याविरुद्ध लढणारा शार्लमान पेराल्त 1919 मध्ये मारला गेला. याच काळात विल्यम सीब्रुक हा अमेरिकी लेखक हैतीत फिरला आणि 1929 मध्ये त्याचे 'द मॅजिक आयलंड' हे पुस्तक आले. त्यात हॅस्को या अमेरिकी साखर कंपनीच्या मळ्यावर ऊस तोडणाऱ्या मेलेल्या मजुरांची कथा आहे. काळ पाहा, जागा पाहा. परक्या सैन्याखाली, परक्या कंपनीच्या उसात, मजुरीशिवाय राबणारी मढी. हैतीचा शेतकरी भुताची गोष्ट सांगत नव्हता, तो आपली दैना सांगत होता.

हॉलिवूडने ही गोष्ट उचलली आणि आतला मजूर काढून टाकला. 1932 च्या 'व्हाइट झोंबी' चित्रपटात साखर कारखान्याचे एक दृश्य आहे: झोंबी चरक ओढत आहेत, एकजण त्यात पडतो, बाकीचे थांबत नाहीत. कथा मात्र त्या कामगारांची नाही. एका गोऱ्या तरुणीला झोंबी केले जाते, तिची आहे. नावातच 'गोरा' आहे. काळा राबतो तेव्हा तो देखावा, गोरी राबेल तेव्हा ते संकट. 1968 मध्ये जॉर्ज रोमेरोने 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' काढला. त्याने मढ्यांना मांस खायला लावले आणि आजचा झोंबी जन्मला. पण त्याचा नायक बेन काळा होता, ड्वेन जोन्स या नटाने केलेला. रात्रभर तो सगळ्यांशी झुंजतो, एकटा वाचतो आणि सकाळी मदतीला आलेले बंदूकधारी गोरे त्यालाच मढे समजून गोळी घालतात. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या 4 एप्रिलला झाली होती. हा चित्रपट त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लागला. तो शेवट पाहून कृष्णवर्णीय प्रेक्षकाला काय आठवले असेल, हे वेगळे सांगायला नको.

'द वॉकिंग डेड' जॉर्जिया राज्यात घडते. अटलांटा हे किंग यांचे जन्मगाव. टोळीला सुरक्षित जागा सापडते ती तुरुंगात. 1865 ची तेरावी घटनादुरुस्ती गुलामगिरी रद्द करते, पण गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या श्रमाला सूट ठेवते. याच जॉर्जियाने 1868 पासून 1908 पर्यंत कैदी भाड्याने दिले. बहुतेक काळे, रेल्वेवर, खाणीत, वीटभट्टीवर. मालिकेत त्या तुरुंगात काळा कैदी भेटतो, त्याचे नाव ऑस्कर, आणि तो पाचव्या भागानंतर फार दिवस जगत नाही. दुसऱ्या पर्वाच्या शेवटी मिशोन येते: डोक्यावरून वस्त्र ओढलेली काळी स्त्री, हातात तलवार, मागे साखळदंडाने बांधलेली दोन मढी, हात आणि जबडे कापलेली. नंतर कळते, त्यातला एक तिचा जोडीदार होता. साखळीत दोन काळे झोंबी! मालिकेने हैतीचे नाव घेतले नाही, पण हैती साखळी ओढत पडद्यावर आलाच.

म्हणून त्या प्रेक्षकांच्या अंदाजाला आम्ही ज्ञान म्हणतो. समाजशास्त्राच्या वर्गात ज्याला रचना म्हणतात, ती ज्याच्या अंगावर येते त्याला पुस्तकाशिवाय कळते. फुल्यांनी 1873 मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामीमुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केली, बाबासाहेबांनी 1946 मध्ये डुबॉइस यांना पत्र लिहिले, 1972 मध्ये आपल्या तरुणांनी पँथर हे नाव घेतले. हे नाते नुसत्या सहानुभूतीचे नव्हते. एकाच प्रकारचे ज्ञान दोन्हीकडे होते. 2016 मध्ये 'सैराट' लागला. शेवटी चित्रपटगृह सुन्न झाले, लोक म्हणाले, असे होईल वाटलेच नव्हते. आमच्याबरोबर बसलेल्या वस्तीतल्या मुलांना मध्यंतरापासूनच ते वाटत होते. खर्ड्याला दोनच वर्षे झाली होती.

त्याच 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ग्लेनला मारले. कोरियन वंशाचा, सगळ्यांचा लाडका. एप्रिलमध्ये मारणाऱ्याचा सोटा दाखवून पर्व संपवले होते, बळी कोण ते झाकून. सहा महिने जगभर अंदाज बांधायला लावले. कॉमिक वाचणाऱ्यांना उत्तर 2012 पासून माहीत होते. सुमारे 1 कोटी 70 लाख लोकांनी तो भाग पाहिला आणि त्यातल्या अनेकांनी पुढे मालिका सोडली. नवव्या पर्वापासून सूत्रे अँजेला कँग यांच्याकडे आली. तोवर मिशोन, गॅब्रिएल, इझिकिएल कथेच्या मध्यभागी येऊन स्थिरावले होते. जुना नियम सांगणारे तरीही सावध होते. मार्च 2020 मध्ये मिशोन निरोप घेणार असे कळले, तेव्हा ती मरणार असेच अनेकांनी धरले. ती मेली नाही. हरवलेल्या रिकचा माग काढत उत्तरेला निघाली आणि 2024 मध्ये स्वतःच्या मालिकेत परत आली.